ओळखीचा भाडेकरू

वारज्यातला वन बीएचके आम्ही 2014 साली 36 लाखांना घेतला. 'भाड्यातच हप्ता सुटेल' हे ह्यांचं गणित. भाडं 12,000, म्हणजे वर्षाला 1,44,000. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, पालिकेचा टॅक्स आणि दोन भाडेकरूंच्या मधला एखादा रिकामा महिना वजा केला की हातात जेमतेम लाखभर. पावणेतीन टक्के! एफडी बरी होती. त्यात भाड्याने दिल्यावर, स्वतः राहणाऱ्याला पालिकेच्या टॅक्समध्ये मिळते ती 40 टक्क्यांची सवलतही गेली. हे आधी कुणी कानावर घातलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पहिला भाडेकरू ह्यांच्या ऑफिसातल्या एकाचा भाचा. "घरचाच मुलगा, करार कसला करतेस?" डिपॉझिट घेतलं वीस हजार, तेही मीच धरून बसले म्हणून. आम्ही सांगलीत, फ्लॅट पुण्यात. दोन वर्षं दिवाळीला फराळाचा डबा देऊन यायचो, पण दाराच्या आतलं कधी नीट पाहिलं नाही. परक्याच्या संसारात डोकावायचं कसं, हा संकोच.

तिसऱ्या वर्षी भाडं लांबायला लागलं आणि एक दिवस पोरगा किल्ली वॉचमनकडे ठेवून गेला. लाइट बिल 7,840 थकलेलं. मीटर आमच्या नावावर, तेव्हा भरणार आम्हीच. पण खरा तडाखा बाथरूमने दिला. वॉशिंग मशीनचा पाइप त्याने नहाणीत सोडला होता, जाळी केसांनी आणि साबणाच्या लगद्याने गच्च, टाइल्समधलं सिमेंट निघालेलं. पाणी झिरपत खालच्या काकूंच्या देवघरावर. त्यांनी मला वर हात करून छत दाखवलं. पोपडे सुटलेले, आणि बाळकृष्णाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी अंथरलेली. काकू सहा महिने त्या मुलाला सांगत होत्या. आम्हाला कळवलं नाही, कारण आमचा नंबरच त्यांच्याकडे नव्हता. टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग आणि काकूंचं छत मिळून 38,000.

मग मी शिकले. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. नाही केला तर दंड आहेच, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, जोवर आपण उलट सिद्ध करत नाही तोवर. कलम 24 आपल्या बाजूचं: मुदत संपूनही जो हलत नाही त्याच्याकडून भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. आणि एवढ्यासाठी खर्च किती? अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज, ह्या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. आमच्या त्या वेळच्या भाड्याला साडेतीनशेच्या आत, वर नोंदणीचे हजार. एजंटाची फी वेगळी. तो बोटांचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरी येतो. फक्त माझा अंगठा काही केल्या उमटेना. तीस वर्षं खडू धरून झिजलाय. शेवटी दुसरं बोट लावलं.

सोसायटीने मात्र भाडेकरू ठेवला म्हणून वाट्टेल ती रक्कम लावली होती. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, 2001 पासून. शासन निर्णयाची झेरॉक्स सेक्रेटरींच्या हातात दिली. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बिल सुधारून आलं.

आता किल्ली देताना मी मोबाइलवर व्हिडिओ काढते: प्रत्येक नळ सोडून, गीझर लावून, कपाटाची दारं उघडून, मीटरच्या आकड्यासकट. भाडेकरूलाही तोच पाठवते. पोलिसांकडे माहिती ऑनलाइन भरते. लाइट बिल दर महिन्याला ॲपवर स्वतः बघते. दर तीन महिन्यांनी जाते, आधी फोन करून. आणि माझा नंबर खालच्या काकूंच्या फ्रिजवर चिकटवलाय.

सध्या दोन नर्स मुली आहेत. गेल्या जूनमध्ये त्यातल्या एकीने फोटो पाठवला, "काकू, बेसिनखाली ओल दिसतेय." पुरीएवढा डाग. दुसऱ्या दिवशी प्लंबर गेला, वायसर बदलला, सहाशे रुपये घेतले. ह्यांना ते जास्त वाटले.