मारबत, क्वालिफायर आणि आईंची मालिका

मंगळवार, ३ जून २०२५

रात्रीचा एक वाजून गेला. कूलरची टाकी मघाशीच भरली तरी हवा गरमच येऊन राहिली, नवतपा कॅलेंडरवर संपला असेल, आमच्या वरच्या मजल्यावरून काही तो गेलेला नाही. चौकात अजून कोणी तरी फटाके फोडतंय. आमचे हे मित्राकडून यायचेत, अठरा वर्षं आयपीएलमध्ये बेंगळुरू बेंगळुरू करत बसलेला माणूस, आज ती टीम फायनल जिंकली, त्याला "लवकर या" म्हणायची माझी हिंमत नाही. झोप येत नाही म्हणून लिहून ठेवते.

पहिले कबूल करून टाकते की मी आयपीएल बघत नाही. म्हणजे लीगचे ते सत्तर सामने अजिबात बघत नाही, स्वयंपाक करताना हॉलमधून आवाज येतो तेवढंच. प्लेऑफ, म्हणजे शेवटचे चार सामने, मात्र एक बॉल सोडत नाही. आमचे हे म्हणतात तू म्हणजे आदल्या रात्री अभ्यास करून पेपरला जाणारी. असेन बाप्पा. पण लीगमध्ये सगळे कसे साळसूद असतात बघा, हरले की "आम्ही यातून शिकू", जिंकले की "प्रोसेसवर विश्वास होता", आणि पॉइंट्स टेबलची ती गणितं, नेट रनरेट, हा हरला आणि तो जिंकला तर तिसरा आत. प्लेऑफ लागले की हे गोडगोड बोलणं गळून पडतं. माणसाला काय हवंय ते त्याच्या तोंडावर दिसायला लागतं, आणि मला तेच बघायचं असतं.

रविवारचंच घ्या. क्वालिफायर टू, अहमदाबाद, पावसानं दोन-सव्वादोन तास खाल्ले, मी दोनदा चहा केला, शेवटी सुरू झाली तर मुंबईचे २०३. पहिले बॅटिंग करून दोनशेच्या वर गेलेली मुंबई आयपीएलमध्ये कधी हरलीच नव्हती, म्हणून आमचे हे झोपायला निघून गेले. आणि पंजाबचा कॅप्टन, तो श्रेयस अय्यर. ४१ बॉल, ८७ नाबाद, एकोणिसाव्या ओव्हरमध्ये चार सिक्स, आणि जिंकल्यावर चेहऱ्यावर रेष नाही, बाकीची टीम उड्या मारून राहिली आणि हा असा उभा जणू दुधाचं बिल देऊन आला. तीनच दिवस आधी हीच टीम क्वालिफायर वनमध्ये १०१ वर गारद झाली होती, बेंगळुरूनं ते रन दहा ओव्हरमध्येच काढून टाकले होते. पण टेबलात पहिल्या दोनात असल्यामुळे त्यांना अजून एक चान्स होता. २०११ पासूनची ही पद्धत मला भारी आवडते. सेमीफायनलमध्ये एकदा मेला की मेला, इथं वरच्या दोघांना एकदा मरून परत यायची सोय आहे.

तर त्या रात्री दीडच्या सुमारास तो थंड चेहरा बघताना माझ्या डोक्यात पहिले काय आलं असेल? आमच्या आईंच्या मालिकेतली ती मोठी जाऊ. (आई म्हणजे सासूबाई.) सगळं घर हॉलमध्ये गोळा, सासरा ओरडतोय, नायिका रडतेय, कॅमेरा तीन वेळा धडाम धडाम करत तिच्या तोंडावर जातो आणि ती पापणीसुद्धा हलवत नाही. सेम चेहरा.

मला खलनायिका आवडतात. लहानपणापासून. यात मोठं काही शास्त्र नाही, मालिका बघताना एवढंच जाणवतं की त्या घरात काही तरी हवं असलेली बाई ती एकटीच असते. नायिकेला काही म्हणजे काहीच नको असतं. "तुम्ही म्हणाल तसं", "घरच्यांचा आनंद तोच माझा आनंद". दोन-दोन वर्षं एपिसोड चालतात आणि या बाईला भाजीसुद्धा स्वतःच्या आवडीची करता येत नाही. खलनायिकेला मात्र कंपनी पाहिजे, वाडा पाहिजे, किल्ल्यांचा जुडगा पाहिजे, आणि ते ती सरळ म्हणते, निदान आरशासमोर तरी म्हणते. रात्री दोन वाजता कट शिजवताना तिचं काजळ कसं फिसकटत नाही हा वेगळा प्रश्न.

कैकेयीचंच बघा ना. युद्धात दशरथाचा जीव वाचवला, त्यानं दोन वर कबूल केले, ते तिनं कित्येक वर्षं जपून ठेवले आणि बरोबर राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी काढले. मागणं वाईट होतं, वादच नाही, चौदा वर्षांचा वनवास म्हणजे गंमत नाही. पण टायमिंग बघा! आणि मंथरा म्हटलं की आमच्या घरी एकच बाई डोळ्यासमोर येते, ललिता पवार. १९४२ साली शूटिंगमध्ये सहकलाकाराची थोबाडीत इतक्या जोरात बसली की अर्धा चेहरा लुळा पडला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं गेली. तोच बारीक डोळा घेऊन बाईनं पुढे अशा सासवा उभ्या केल्या की लोकांच्या घरच्या खऱ्या सासवा बिचाऱ्या सौम्य वाटायला लागल्या, आणि १९८७ मध्ये टीव्हीवर मंथरा झाली तेव्हा पिक्चरमध्ये येऊन साठेक वर्षं होत आलेली. आई अजून सांगतात की मंथरा आली की त्या टीव्हीसमोर बोटं मोडायच्या. "अन् तरी पाहत बसायचो वं," हे पण सांगतात.

खरं तर नागपूरच्या माणसाला खलनायिकेचं कौतुक वेगळं सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, अख्खं शहर कोणाला बघायला इतवारीत लोटतं? मारबतीला, त्या मोठ्या पुतळ्याला. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. कोणी काळीला पूतना म्हणतं, कोणी म्हणतं ती भोसल्यांची बाकाबाई, इंग्रजांना जाऊन मिळालेली. मी सहा-सात वर्षांची असेन, बाबांच्या खांद्यावर, खाली नुसती डोकीच डोकी, ढोल, गुलाल, आणि ती आली. माझ्या डोळ्यांच्या रेषेत. हे एवढे वटारलेले डोळे, लाल जीभ, आणि सगळी पब्लिक बेंबीच्या देठापासून "घेऊन जा गे मारबत!" खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा, त्या वर्षीची जी काय पिडा असेल ती घेऊन जा. मी पण ओरडले, आवाज बसेपर्यंत. नंतर कळलं की आता हिला जाळणार, तर मी तिथेच भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "रडतेस काय, पुढच्या वर्षी परत बनवतात." तेव्हापासून मी तिच्याच पार्टीची.

खेळातही मला अशीच एक भेटली. ८ मार्च २०२०, महिलांच्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, मेलबर्न, ८६ हजार लोक. ऑस्ट्रेलियाच्या अॅलिसा हीलीचा ९ वर कॅच सुटला, पहिल्याच ओव्हरमध्ये, आणि मग त्या बाईनं ३९ बॉलमध्ये ७५ मारले, ते पण काय हसत हसत. पलीकडून मूनी ७८ नाबाद. आपण ९९ वर ऑलआउट. महिला दिन होता, ऑफिसात आदल्या दिवशीच गुलाबाचं फूल मिळालं होतं आणि दुपारी हे. मी हीलीला जे काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण दोनेक आठवड्यांनी लॉकडाऊन लागायच्या सुमारास मोबाइलवर तीच इनिंग शोधून परत बघितली, एकदा नाही. बावीसच्या वनडे वर्ल्ड कप फायनलला तिनं इंग्लंडला १७० हाणले तेव्हा तर मी चक्क टाळ्या वाजवल्या. मोठ्या दिवशीच हिला कसं सुचतं हे? पूतनेला पण गोकुळात नेमकं कधी जायचं ते कळलं होतंच की.

आता थोडं आपल्या माणसाबद्दल. २७ मेला लखनौमध्ये बेंगळुरूला २२८ पाहिजे होते, जिंकले तर पहिल्या दोनात, म्हणजे तो मरून परत यायचा चान्स. आणि अमरावतीचा जितेश शर्मा, त्या दिवशी कॅप्टन पण तोच, ३३ बॉलमध्ये ८५ नाबाद. आमच्या बिल्डिंगमधून एकदम अशी आरोळी निघाली की खालचा कुत्रा पळून गेला. त्यात मधेच एक झालं, लखनौच्या राठीनं नॉनस्ट्रायकरच्या टोकाला जितेशच्या बेल्स उडवल्या, थर्ड अंपायरनं नाबाद दिलं, आणि वर पंतनं अपील पण मागे घेतली, दोघांनी गळाभेट वगैरे. सगळे म्हणाले काय दिलदारी. जितेश वाचला म्हणून मलाही हायसं वाटलं, पण आतून थोडी निराशाच झाली. काजळवाल्या जाऊबाईंनी घेतली असती का हो अपील मागे?

हे सगळं लिहून राहिले पण स्वतःचं सांगायचं तर मी मालिकेतल्या नायिकेपेक्षा वेगळी नाही. मागच्या महिन्यात ऑफिसात विचारलं, अकाउंट्सचं पूर्ण काम कोण बघणार आता, जागा रिकामी होतेय. बारा वर्षं मी तेच काम करतेय, अर्धं माझ्या नावावर, अर्धं दुसऱ्याच्या. आणि मी काय म्हणाले? "तुम्हाला योग्य वाटेल त्याला द्या." हे वाक्य माझ्या तोंडून निघताना मलाच मागे सतारीचं रडकं म्युझिक ऐकू आलं. जागा दुसऱ्याला गेली. घरी येऊन भांडी जरा जोरात आपटली, बस.

तर आजची फायनल. तशी ती २५ मेलाच व्हायची होती, कोलकात्याला, पण सीमेवरच्या तणावामुळे मे महिन्यात आयपीएल आठवडाभर थांबलं आणि सगळंच सरकलं. सरकून नेमकी कुठे येऊन धडकली तर आईंच्या मालिकेच्या महाएपिसोडवर. टीव्ही एक. आजवर अशा वेळी मी मोबाइलवर बघते, कानात इअरफोनचं एक बोंडूक घालून, भाकऱ्या थापत. आज का कोण जाणे, सव्वासातला रिमोट उचलला आणि म्हटलं, "आई, आज मला मॅच बघायचीय. टीव्हीवर." एवढंच. छातीत धडधड अशी की मीच चेसिंगला उतरले.

आई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग लाव ना. म्या काय रिमोट बांधून ठेवला काय?" आणि पदरानं वारा घेत शेजारीच बसल्या.

त्यांची कॉमेंट्री मूळ कॉमेंट्रीपेक्षा बरी होती. बेंगळुरूचे १९० झाले, त्यात जितेशनं १० बॉलमध्ये २४ केले, "हा आपल्या अमरावतीचा" म्हटल्यावर त्यांनी लगेच त्याच्या घरच्यांची चौकशी केली, जसं काय मला माहीत असतं. कोहली ३५ बॉलमध्ये ४३ करून गेला तर, "काहून वं, एवढं नाव अन् एवढंच?" अय्यर १ वर आउट झाला तेव्हा मी डोकं धरलं. पंजाब अडकत गेलं, कृणाल पंड्यानं चार ओव्हरमध्ये १७ देऊन दोन घेतल्या, शेवटच्या ओव्हरला २९ पाहिजेत. हेझलवूडचे पहिले दोन बॉल कोरे. संपलं. कोहली बाउंड्रीपाशी रडायला लागला, खाली फटाके सुरू. आणि शशांक सिंग, ज्याला आता काहीच मिळणार नव्हतं, त्यानं सिक्स, फोर, सिक्स, सिक्स. ३० बॉलमध्ये ६१ नाबाद. हरले सहा रननी.

"आता काहून मारून राहिला हा?" आईंनी विचारलं. "संपलं ना?"

"संपलं तरी मारतोय," मी म्हटलं.

आई कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठता उठता म्हणाल्या, "माह्या मालिकेत आज जाऊबाईले पोलीस घेऊन जाणार होते."

मला एकदम वाईट वाटलं, म्हटलं उद्या दुपारी रिपीट लागतो, तेव्हा बघू दोघी. तर म्हणाल्या, "पाहाचं काय त्यात? ते नसली का त्या घरात कोणी बोलतच नाही, नुसत्या रडतेत." बाथरूमच्या दारात थांबून परत वळल्या. "येते पण ते. पंधरा दिवसांत जामिनावर येते, तू पाय."