नांदूर मध्यमेश्वरला बदकं मोजताना

पक्षी ओळखता आले म्हणजे मोजताही येतील, असं काही नसतं. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी नाव दिलं, तेव्हा माझी ओळखपाळख बरी होती. थापट्याची पसरट चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, भुवई बदकाची पांढरी भुवई, चक्रवाकाचा नारिंगी रंग. हिवाळ्यात नर इतके नटलेले असतात की पुस्तक एकदा चाळलेला माणूसही चार-पाच जाती सांगून भाव खाऊन जातो. पण गणनेच्या कागदावर माद्याही येतात, आणि त्या बहुतेक सगळ्या तपकिरी.

ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. ऐन हिवाळाच का, तर तोवर स्थलांतर करून आलेले पक्षी बऱ्यापैकी स्थिरावलेले असतात. आज इथे मोजलेला थवा उद्या दुसऱ्या तळ्यावर पुन्हा मोजला जाण्याची शक्यता कमी. आमच्या वाट्याला नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर जलाशयाचा चापडगावच्या बाजूचा काठ आला होता. निफाडची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. पाण्यावर धुकं इतकं होतं की समोरून नुसता कलकलाट ऐकू येत होता. धुकं विरेपर्यंत मोजणी सुरूच करायची नाही, असं गावातल्या गाईडदादांनी बजावलं आणि आम्ही थर्मास उघडला.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा बंधारा इंग्रजी अमदानीतला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि जलाशय उथळ झाला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाणी साठवायच्या दृष्टीने हे नुकसानच, पण थापट्या, गडवाल, चक्रांग यांसारख्या पृष्ठभागावर चरणाऱ्या बदकांना नेमकं असंच पाणी हवं असतं. ती बुडी मारत नाहीत. शेपटी वर, डोकं खाली करून जिथवर चोच पोचेल तिथवरचंच खातात. वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून पाणी सुटलं की पातळी चढते, चिखलाचे पट्टे बुडतात आणि पक्षी पांगतात. म्हणून ‘यंदा पक्षीच नाहीत’ अशी हळहळ कुणी व्यक्त केली की मी आधी विचारते, पाणी किती होतं?

धुकं उठल्यावर खरी परीक्षा. पहिल्यांदा मी एकेक पक्षी मोजायला लागले आणि चाळिशीतच गाडी घसरली, कारण थापटे गोल गोल फिरत चोचीने पाणी गाळत होते. मोजलेला कुठला नि राहिलेला कुठला, काही कळेना. दादा म्हणाले, “ताई, एकेक नका मोजू. दहा मोजा, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यात ठेवा, आन् तेवढाच तुकडा पुढं पुढं सरकवत न्या.” मोठ्या थव्याला हाच तुकडा शंभराचा करायचा. डावीकडून उजवीकडे जायचं, मधे थांबून कुणाचं कौतुक करायचं नाही. वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांना हे छान लागू पडलं, कारण ते ठिपके एकगठ्ठा तरंगत असतात. मिश्र थव्यात आधी एकूण आकडा घ्यायचा, मग स्कोपमधून, म्हणजे स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, त्यातल्या जाती वेगळ्या करायच्या.

हे जमायला लागतंय तोच दलदल ससाणा आला. त्याने कुणाला धरलं नाही, नुसता वरून तरंगत गेला. पण सगळं पाणी उठलं. वैतागून दुर्बीण खाली केली, तर दादा खूश. थापट्याच्या पंखावरचा फिकट निळा पट्टा, गडवालचा पांढरा चौकोन, हे उडतानाच नीट दिसतं, म्हणून ते भराभर नावं सांगत होते आणि मी लिहीत होते. थवा पुन्हा बसल्यावर मोजणी अर्थात पहिल्यापासून.

उन्हाच्या दिशेला, लांबवर बसलेली काही तपकिरी बदकं शेवटपर्यंत ओळखू आली नाहीत. गटातल्या एकाचं म्हणणं, बाकीचे गडवाल आहेत तर तीही गडवालच लिहा. मी अडून बसले. शेवटी ‘बदक, जात अनिश्चित’ अशी वेगळी ओळ टाकली. हा हट्ट उगाच नव्हता. एखाद्या पाणपक्ष्याच्या त्या भूप्रदेशातल्या संख्येपैकी १ टक्का पक्षी जिथे नियमित येतात, किंवा एकूण २०,००० पाणपक्षी जिथे नियमित असतात, ती जागा रामसर यादीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीच्या, निकषात बसते. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं. असे निकष असल्या कागदांवरच्या आकड्यांवर उभे असतात. त्यात अंदाजाने गडवाल वाढवून कुणाचं भलं होणार?

यायचं असेल तर डिसेंबरातच नाव द्या, मळकट रंगाचे कपडे घाला, बसायला घडीचं स्टूल आणा. कॅमेरा मात्र गाडीतच ठेवा. फोटो काढणारा एका चक्रवाकापाशी अर्धा तास रमतो, आणि तेवढ्यात शेजारचे दोनशे चक्रांग कुणीच मोजलेले नसतात.