सांगली ते पुणे, तीन फेऱ्या: माझं ब्रेस्ट इम्प्लान्टचं ऑपरेशन आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

माझी छातीची डावी बाजू वयात आल्यापासूनच लहान. दोन मुलं झाली, अंगावरचं दूध सुटलं आणि फरक इतका दिसायला लागला की आमच्या शिवणवाल्या काकू न सांगताच ब्लाऊजला एका बाजूला जाड कप घालून द्यायच्या. छत्तिसाव्या वर्षी ठरवलं की आता इम्प्लान्ट, म्हणजे स्तनाच्या आत बसवायची सिलिकॉनची किंवा सलाईनची पिशवी, करायचंच. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंनाही सांगितलं, लपवलं नाही, कारण नंतर दीड महिना पाण्याची घागरसुद्धा उचलायची नसते आणि ते घरात कुणाला तरी माहीत असायलाच हवं.

पहिली फेरी फक्त दाखवायला. सकाळच्या कोयना एक्सप्रेसने पुणे, मुक्काम कोथरूडला मावसबहिणीकडे, दोन दिवसांत दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी काउन्सेलर मॅडम पाऊण तास पॅकेजबद्दल बोलल्या, आज ॲडव्हान्स भरला तर सूट वगैरे, आणि डॉक्टर पाच मिनिटं आले, नुसतं बघून म्हणाले तीनशे सीसी, म्हणजे तीनशे मिली मापाचं, छान दिसेल. टेप नाही, सोनोग्राफीचं नाव नाही, कोटेशनवर इम्प्लान्ट कुठल्या कंपनीचं तेही नाही. मी पर्स उघडणार तेवढ्यात ताई, म्हणजे ती मावसबहीण, म्हणाली, "अगं, साडी घेतानासुद्धा तू चार दुकानं फिरतेस." उठलो तिथून. म्हणून पहिलं सांगणं हेच, पहिल्या फेरीत पैसे भरू नका आणि तारीखही घेऊ नका, घरी या, झोपा, मग ठरवा. आणि डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का ते आधी बघा, नुसतं कॉस्मेटिक सर्जन लिहिलंय यावर जाऊ नका.

दुसऱ्या डॉक्टरांनी टेपने मापं घेतली. छातीची रुंदी, कातडी चिमटीत किती येते, निपलपासून खालच्या घडीपर्यंत अंतर. त्यांनी समजावलं की इम्प्लान्ट तुमच्या रुंदीत बसायला लागतं, सीसीचा आकडा त्यानंतर. माझ्यापुढे पर्याय तीन होते. स्वतःच्या पोटाची चरबी काढून भरायची, त्यात परकी वस्तू नाही पण भरलेल्यातली बरीच चरबी जिरते आणि परत भरावी लागू शकते, शिवाय माझ्या अंगावर तेवढी चरबीच नव्हती. दुसरा, फक्त डावीकडे इम्प्लान्ट, पण मग वय वाढेल तशी उजवी ओघळणार आणि डावी तशीच राहणार. तिसरा, दोन्हीकडे वेगवेगळ्या मापाचं. मी तिसरा घेतला, डावीकडे 260 आणि उजवीकडे 170.

माप कळावं म्हणून घरी एक करा. मोजायच्या कपाने तांदूळ घ्या, 250 मिलीचा कप म्हणजे 250 सीसी, पातळ पिशवीत किंवा मोज्यात भरून सैलसर ब्रामध्ये ठेवा आणि दोन दिवस घरातली कामं करा. मी तीनशेने सुरुवात केली आणि भाकरी थापतानाच कळलं की हे जास्त होतंय.

सिलिकॉन घेतलं, हाताला मऊ लागतं. सलाईनचं, म्हणजे आत मिठाचं पाणी असलेलं, फुटलं तर बसतं आणि लगेच कळतं, सिलिकॉनचं फुटलेलं बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. हा खर्च आत्ताच धरा. पृष्ठभाग गुळगुळीत मागितला, कारण खरखरीत प्रकाराशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा, संबंध दिसलाय आणि 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल प्रकार जगभरातून परत घेतला. मी अंगाने बारीक, वरून कडा दिसू नये म्हणून इम्प्लान्टचा वरचा भाग छातीच्या स्नायूखाली. छेद खालच्या घडीत. ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी निपलभोवतीच्या छेदाबद्दल नीट विचारा, दुधाच्या नळ्या तिथेच असतात. आणि इम्प्लान्ट जन्मभराचं नसतं, कधीतरी बदलायला किंवा काढायला परत टेबलावर जावं लागू शकतं, ही तयारी असेल तरच करा.

पैशाचं एक. नुसतं सौंदर्यासाठी असेल तर बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, जन्मजात किंवा वाढीतला दोष असेल तर लागत नाही. माझ्या केस पेपरवर डॉक्टरांनी वाढीतला फरक असं स्पष्ट लिहिलं म्हणून माझा वाचला, तुमचं तसं खरंच असेल तर बिल व्हायच्या आधीच विचारून ठेवा. मेडिक्लेम मात्र धरून चालू नका, कॅन्सर, भाजणं, अपघात यानंतरचं वेगळं.

आणि मिश्री. पहिल्या ठिकाणी विचारलं सिगारेट ओढता का, मी खरं ते सांगितलं, नाही. दुसऱ्यांनी विचारलं मिश्री लावता का, मी गप्पच झाले. रोज सकाळी लावायचे. तीही तंबाखूच, निकोटीनने रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच बंद ठेवायला सांगितलं, मी तेव्हापासून सोडलीच. आपल्याकडच्या बायकांना हे कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. ॲस्पिरिन, ब्रुफेन, व्हिटॅमिन ईच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, मनाने बंद करू नका.

दुसरी फेरी ऑपरेशनची. पूर्ण भूल, साधारण दोन तास, एक रात्र ॲडमिट. पहिले तीन दिवस छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, उठताना हातावर जोर द्यायचा नाही, त्यामुळे पाठीमागे तीन उशा लावून झोपायचं. पुढून बटणाचे गाऊन न्या, डोक्यातून घालायचं काही नेऊ नका. शक्य असेल तर आठवडाभर पुण्यातच थांबा, कारण पहिल्या दोन दिवसांत एक बाजू अचानक फुगली, टणक झाली आणि दुखणं वाढलं तर आत रक्त साठलेलं असू शकतं आणि तासाभरात डॉक्टरांपाशी पोचायला हवं, ते सांगलीतून कसं जमणार. ताप, लाली, टाक्यातून पाणी आलं तरी लगेच फोन.

परतताना गाडी केली. सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये लहान उशी, खंबाटकी घाटात तर मी ती दोन्ही हातांनी धरूनच बसले होते, साताऱ्याला उतरून पाय मोकळे केले.

तिसरी फेरी सहा आठवड्यांनी, तपासणीची, महालक्ष्मीने जाऊन दुसऱ्या दिवशी परत. तेव्हा इम्प्लान्टचं कार्ड हातात आलं का बघा, त्यावर कंपनी, माप आणि सीरियल नंबर असतो. मी फोटो काढून नवऱ्याला आणि ताईला पाठवून ठेवलाय, पुढे कधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करायची वेळ आली तर तिथल्या बाईंना इम्प्लान्ट आहे हे आधी सांगायचं आणि हे कार्ड दाखवायचं.