घुशीचं बीळ

मागच्या रविवारी भाचा आला होता. अकरावीत आहे, फिजिक्स आवडतं म्हणतो. जेवताना म्हणाला, "आत्या, तू तीस वर्षं तेलाच्या विहिरींत पाणी घालत होतीस असं बाबा सांगतात. तेल काढायचं तर पाणी कशाला घालायचं?"

भावाची तक्रार जुनीच आहे. आमच्या सांगलीकडच्या शेताला पाणी मिळेना आणि बहीण समुद्राचं पाणी जमिनीत घालून पगार घेते!

विहीर सुरू होते तेव्हा जमिनीखालचा दाब तेलाला वर ढकलतो. तेल निघत जातं तसा दाब पडतो, मग पुरेसं तेल वर येईना. म्हणून काही विहिरींतून पाणी आत सोडायचं. ते दाब टिकवतं आणि तेल दुसऱ्या विहिरींकडे सारत नेतं. हे त्याला दोन मिनिटांत समजलं. त्याला वाटत होतं की खाली तेलाचं तळं असतं. तसं नाही, तेल दगडाच्या छिद्रांत असतं. सगळी गंमत आणि सगळा त्रास त्या दगडात आहे.

मुंबई हाय घ्या. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर समुद्रात. 1974 साली तेल लागलं, 1976 साली उत्पादन सुरू झालं, 1980च्या दशकात पाणी घालायला सुरुवात झाली. समुद्राचंच पाणी, पण आधी गाळून आणि त्यातला ऑक्सिजन काढून, नाहीतर पाइप सडतात. तिथलं तेल हलकं, खालच्या उष्णतेत तर पाण्यासारखं वाहणारं. मुख्य साठा एल-थ्री नावाच्या चुनखडीत. ही चुनखडी एकसंध नाही. थरावर थर, मध्ये शेलच्या, म्हणजे चिकणमातीच्या दगडाच्या, पातळ पट्ट्या, आणि प्रत्येक थराची पाणी वाहू देण्याची क्षमता, म्हणजे पर्मिएबिलिटी, वेगळी.

मी नवीन असताना पहिल्यांदा चुनखडीच्या कोअरचे ट्रे पाहिले. विहीर खणताना कापून आणलेले दगडाचे दंडगोल, त्यांतून काढलेले इंचभर जाडीचे प्लग. एक प्लग घावनासारखा जाळीदार होता, त्याची पर्मिएबिलिटी काही शे मिलिडार्सी (हे तिचं माप, हजार मिलिडार्सींचा एक डार्सी). त्याच्या वीतभर खालचा प्लग खडूसारखा गुळगुळीत, एक मिलिडार्सीसुद्धा नाही. वीतभर अंतरात इतका फरक! दोन विहिरींमध्ये तर शेकडो मीटर असतात, आणि तिथला दगड कुणीच पाहिलेला नसतो.

माझी पहिली मोठी चूक याच फरकातली. क्षेत्राचं नाव नको. सगळ्या थरांच्या पर्मिएबिलिटीची सरासरी काढली आणि पाणी उत्पादन विहिरीत पोचायला सहा वर्षं लागतील असं लिहून दिलं. पाणी चौदा महिन्यांत हजर. आमच्या साहेबांनी काही न बोलता कागदावर तीन आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाले, "वरचा थर पाचशे, मधला पन्नास, खालचा दहा मिलिडार्सी. जाडी सारखी. पाणी आणि तेल सारख्याच सहजतेने वाहतात असं धर. आता सांग."

सांगितलं. वरचा थर धुऊन पाणी विहिरीत येतं तेव्हा मधल्या थरात ते दहाव्या हिश्शापर्यंतच गेलेलं असतं आणि खालच्यात पन्नासाव्या. म्हणजे तिन्ही मिळून जेमतेम 37 टक्के दगड धुतला गेला. आणि विहिरीत येणाऱ्या प्रवाहात पाणी किती? 560पैकी 500 भाग, म्हणजे 89 टक्के. काल कोरडं तेल, आज जवळजवळ सगळं पाणी. सरासरीत यातलं काहीच दिसत नाही.

मला लहानपणीची दारं धरणं आठवलं. रात्रीची वीज, हातात फावडं, वाफ्यात पाणी सोडलं तरी वाफा भरेना. बॅटरी मारून बघावं तर बांधात घुशीचं बीळ, सगळं पाणी खालच्या रानात. वरचा पाचशे मिलिडार्सीचा थर म्हणजे ते बीळ.

दगडाचा हा लहरीपणा एका आकड्यात मांडायची रीत डिक्स्ट्रा आणि पार्सन्स यांनी 1950 साली दिली. कोअरच्या पर्मिएबिलिटी उतरत्या क्रमाने लावायच्या, लॉग-प्रॉबेबिलिटी नावाच्या खास आखलेल्या आलेखाच्या कागदावर रेघ काढायची, 50 टक्के आणि 84.1 टक्के या ठिकाणचे आकडे वाचायचे. समजा ते 40 आणि 8 आले. फरकाला 40ने भागलं की 0.8. शून्य म्हणजे दगड सगळीकडे सारखा, एकाकडे जाल तसा लहरी. 0.8 आलं की आम्ही चहा मागवायचो.

पण भाच्याला मला सांगायचं होतं ते पुढचं. तेलाचा घट्टपणा आणि दगडाचा लहरीपणा या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. वरच्या थरात पाणी शिरत जातं तसा त्या थराचा अडथळा बदलतो. तेल पातळ असेल आणि त्या मानाने पाणीच जड चालत असेल, तर वेगवान थर जसा पाण्याने भरतो तसा मंदावतो आणि मागच्या थरांना थोडी सवड मिळते. तेल घट्ट असेल तर उलटं. घट्ट तेल जाऊन पातळ पाणी आलं की आधीच वेगवान असलेला थर आणखी मोकळा होतो, आणि पाणी त्याच थरातून धावत सुटतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

हे तोलायला मोबिलिटी रेशो असतो, पाण्याची चाल भागिले तेलाची चाल. एकाच्या आत असेल तर बरं, जितका वर जाईल तितकं पाणी तेलाला मागे टाकतं. सेंटीपॉइज हे घट्टपणाचं माप. एकाच दगडात तेल 0.7 सेंटीपॉइजचं धरून मी त्याला हिशेब करून दाखवला तर उत्तर 0.5च्या आसपास आलं. तेल 200 सेंटीपॉइज केलं की 150. दगड तोच, पाणी तेच.

उत्तर गुजरातेत मेहसाणाजवळ बलोल, संथाल इथे असंच जड तेल आहे, पन्नासपासून काही शे सेंटीपॉइजपर्यंत. वाळूचा दगड मात्र झकास, पर्मिएबिलिटी कित्येक डार्सी. मुंबई हायवाल्याने हेवा करावा असा. तरी कडेचं भूजल तेलाला बगल देऊन विहिरींत शिरायचं आणि तेल मागेच राहायचं. शेवटी तिथे 1990 साली बलोलला हवा सोडून जमिनीखालीच थोडं तेल पेटवण्याचा प्रयोग केला. उष्णतेने उरलेलं तेल पातळ होतं.

पाणी तेलाला असं बगल देतं यावर भाच्याचा विश्वास बसेना, म्हणून स्वयंपाकघरात गेलो. फोटो फ्रेमच्या दोन काचा, कोपऱ्यांत जुन्या एटीएम कार्डाचे तुकडे, कडांना क्लिपा. मध्ये गावाकडची काकवी भरली आणि एका कडेने सिरिंजने पाणी सोडलं. काकवी पाण्यात विरघळते, तेल विरघळत नाही, तेव्हा प्रयोग काही शंभर टक्के खरा नव्हे. पण दिसायचं ते दिसलं. पाणी सरळ रेषेत पुढे गेलंच नाही. फिकट बोटं फुटली, एक बोट बाकीच्यांना मागे टाकून पलीकडच्या कडेला पोचलं, आणि नंतरचं सगळं पाणी त्याच वाटेने. दोन्ही बाजूंची काकवी जागच्या जागी, काळीभोर. काचांमध्ये एकही थर नव्हता, तरी पाण्याने स्वतःच घुशीचं बीळ पाडलं.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "काकवी पातळ करता येत नसेल, तर पाणीच घट्ट करा ना."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. राजस्थानात बाडमेरजवळ मंगला क्षेत्रात नेमकं हेच केलं आहे. तिथलं तेल मेणचट, साठ्याच्या तापमानाहून थोडं गार झालं तरी मेण धरू लागतं. म्हणून आधी गरम पाणी घातलं. पुढे त्याच पाण्यात पॉलिमर मिसळायला लागले. पॉलिअॅक्रिलामाइडच्या लांबलचक साखळ्या, थोड्या घातल्या तरी पाणी जड चालतं. असं पाणी उघड्या थरात आधी शिरतं, तिथे वाट अडवतं, आणि मागून येणारं पाणी मग इतर थरांकडेही वळतं.

आम्ही कॉर्नफ्लोअर शिजवून घातलं. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, सिरिंज तुंबली. अशी तुंबलेली इंजेक्शन विहीर मीही एकदा पाहिली आहे, तो वेगळा किस्सा. दुसऱ्यांदा गाळून घातलं तेव्हा बोटं आखूड झाली, रुंद झाली आणि काकवी बरीचशी पुढे सरकली. भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला.

काचा धुताना एक फुटली. ती दादा-वहिनींच्या लग्नाच्या फोटोची होती. दादाला अजून सांगितलेलं नाही.