गाडी खाचेतच धावते, मग तुम्ही चालवता काय?

"म्हणजे ती गाडी खाचेतूनच जाणार ना? तिला वळवायचं नाही, मग तुम्ही त्यात करता काय?" हा प्रश्न मला लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या जेवणाच्या रांगेत विचारला जातो, पुण्याला गेले की आत्याच्या घरी विचारला जातो, आणि मी ज्या औषधांच्या दुकानात काम करते तिथे तो शुक्रवारी सकाळी, आदल्या रात्रीच्या शर्यतीचा निकाल विचारून झाल्यावर, हटकून येतो. २०१३ पासून मी वॉटफर्डजवळच्या एका क्लबात स्लॉट कारच्या, म्हणजे खाचेतून विजेवर धावणाऱ्या छोट्या गाड्यांच्या, शर्यतींत भाग घेते, आणि जवळजवळ तेव्हापासूनच या प्रश्नाला माझे एक ठरलेले उत्तर आहे. गेल्या महिन्यात, इथे शिकायला आलेल्या माझ्या भाचीने तोच प्रश्न विचारला. तिच्या विचारण्यात टिंगल नव्हती, आणि बहुधा त्यामुळेच, उत्तर देता देता ते मला खोटे वाटू लागले. संपूर्ण खोटे नव्हे. सोयीचा भाग तेवढा ठेवून उरलेला गाळलेले असे. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते आहे.

ठरलेले उत्तर असे आहे. आमच्या हॉलमधला ट्रॅक दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा नाही. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, फळ्यांत राउटर या कोरणीच्या यंत्राने खाचा कोरून तो केलेला आहे. सहा लेनचा, साधारण ३० मीटर लांबीचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी चिकटवलेला. खऱ्या गाडीच्या एक बत्तिसांश आकाराची आमची गाडी त्यावर सुमारे सात सेकंदांत फेरी पुरी करते. तिच्या पुढच्या भागाखालचा गाइड, म्हणजे एक छोटे पाते, खाचेत बसतो आणि त्याला जोडलेल्या, तांब्याच्या बारीक तारांच्या दोन विणलेल्या पट्ट्या वीज उचलतात. इंग्रजीत त्या पट्ट्यांना वेणीचाच शब्द आहे. पण 'ब्रेड' म्हटले की मला पाव आठवतो, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना वेणीच म्हणते. हातात कंट्रोलर, त्याला एक ट्रिगर. ट्रिगर दाबला की मोटरला वीज मिळते. सोडला की वीज नुसती बंद होत नाही, तर कंट्रोलर मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडतो, आणि फिरती मोटर त्या क्षणी जनित्र बनून स्वतःलाच रोखते. वेग आणि ब्रेक, दोन्ही एकाच बोटात. तेव्हा, असे मी आजवर सांगत आले, या खेळात सबब नावाची गोष्टच उरत नाही. रस्ता दिसला नाही असे म्हणता येत नाही, स्टिअरिंगने दगा दिला असे म्हणता येत नाही. गाडी खाचेतून उडाली तर ती तुमच्या बोटाने उडवली, दुसऱ्या कोणी नव्हे.

हे ऐकल्यावर दुकानातली इंग्रज मंडळी हसतात, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी लहानपणी नाताळात स्केलेक्स्ट्रिक या स्लॉट कारच्या खेळण्याचा ट्रॅक जमिनीवर पसरलेला असायचा, आणि अलीकडे नातवंडांसाठी आणलेल्या संचात ट्रिगर पूर्ण दाबून धरला तरी गाडी वळणावर पडत नाही, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यांचे म्हणणे खरे आहे. त्या गाडीच्या पोटात चुंबक असतो, प्लास्टिकच्या ट्रॅकमधल्या लोखंडी पट्ट्यांना तो गाडी चिकटवून ठेवतो. आमच्या ट्रॅकवर तांबे आहे आणि तांब्याला चुंबक लागत नाही, त्यामुळे तो काढून ठेवणेच बरे. मग गाडी नुसत्या टायरांच्या पकडीवर धावते, वळणावर तिचा मागचा भाग बाहेर सरकू लागतो, आणि तो किती सरकू द्यायचा, कुठल्या क्षणी बोट केसभर ढिले करायचे, हे ठरवण्यात संध्याकाळ निघून जाते.

दुसरा आक्षेप अधिक हुशार लोक घेतात: मग खाच काढूनच का टाकत नाही? काढून पाहिली आहे की! १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडियल कंपनीने लेन बदलता येणारा बिनखाचेचा ट्रॅक विकला. २०१३ मध्ये अँकीने फोनवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि २०१९ मध्ये ती कंपनी बंद पडली. २०२४ मध्ये करेरा कंपनीने हायब्रिड या नावाने पुन्हा बिनखाचेच्या गाड्या बाजारात आणल्या. खाच ठेवून लेन बदलण्याची सोय तर स्केलेक्स्ट्रिकच्या डिजिटल संचात २००४ पासून आहे. यांतले काहीही मला वर्ज्य नाही. माझे म्हणणे एवढेच की, खाच हा या खेळातला कच्चा दुवा आहे आणि कोणीतरी शहाणा माणूस तो कधीतरी दुरुस्त करील, हे गृहीतक चूक आहे. स्केलेक्स्ट्रिक करणाऱ्या फ्रेड फ्रान्सिस यांच्या आधीच्या गाड्या स्प्रिंगच्या होत्या. मागे ओढून सोडली की गाडी जाईल तिकडे जाई आणि पोराने बघत बसायचे. १९५७ मध्ये वीज आणि खाच घेऊन त्या हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आल्या, तेव्हा कुठे त्या माणसाच्या ताब्यात आल्या.

आता सामग्रीविषयी, कारण "खेळण्यावर एवढा खर्च?" हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे. होय, खर्च होतो. मिनिटाला २०,००० फेरे घेणाऱ्या मोटरच्या जागी २५,००० फेऱ्यांची मोटर येते, तिच्यासाठी पिनियनचे, म्हणजे मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाचे, दात बदलावे लागतात, टायर यंत्रावर घासून अचूक गोल करावे लागतात, आणि हल्ली चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, थ्रीडी प्रिंटरवर छापून घेणारेही क्लबात आहेत. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर शंभर पौंडांच्या पुढे जातो. त्यावर ब्रेक किती लागावा, ट्रिगरच्या सुरुवातीच्या हालचालीला गाडीने किती प्रतिसाद द्यावा, हे बटणे फिरवून ठरवता येते. पण सगळ्यांत उपयोगी वस्तू माझ्याच कपाटात निघाली, ती म्हणजे रंगहीन नेलपॉलिश. पुढच्या टायरांना त्याचा हात दिला की त्यांची पकड जाते, आणि पकड गेली की ते वळणावर गाइडशी भांडत नाहीत. क्लबातले पुरुष ही बाटली दुकानात मागताना अवघडतात, म्हणून सगळ्यांसाठी मीच आणते. तर खर्चाबद्दल माझी बाजू पुरेशी भक्कम आहे असे मला वाटे. पण आता जे सांगायचे आहे, त्यात नेमकी ही सामग्रीच आहे.

२०१६ च्या नोव्हेंबरात आमच्या हिवाळी लीगची शेवटची रात्र होती. मी त्याच महिन्यात २५,००० फेऱ्यांची मोटर आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घेतला होता. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. खरे तर या खेळात मला त्यानेच आणले. त्याच्यासाठी आणलेला संच मीच जास्त खेळू लागले, मग आम्ही दोघेही क्लबात जाऊ लागलो. आमच्याकडे पद्धत अशी की प्रत्येकाने सहाही लेनवर एकेक हीट चालवायची, तीन तीन मिनिटांची, आणि सहा हीटच्या फेऱ्यांची बेरीज करायची. ज्यांची हीट नसेल त्यांनी वळणांवर मार्शल म्हणून उभे राहून पडलेल्या गाड्या खाचेत परत ठेवायच्या. माझी शेवटची हीट लाल लेनवर होती, आणि हेअरपिनवर, म्हणजे केसांच्या पिनेसारख्या उलट्या फिरणाऱ्या वळणावर, मार्शल म्हणून मुलगा उभा होता.

आदल्या पाच हीटनंतर मी आणि एक निवृत्त इलेक्ट्रिशियन गृहस्थ जवळजवळ बरोबरीत होतो. त्यांच्या हातात त्यांचा जुना, रेझिस्टरचा, ४५ ओहमचा कंट्रोलर होता. त्याच्या मुठीवर सायकलच्या हँडलची टेप गुंडाळलेली होती. नव्या मोटरमुळे सरळ पट्ट्यावर मी त्यांना सहज मागे टाकत होते आणि हेअरपिनवर ते सगळे परत घेत होते. दुसरे मिनिट संपत आले असताना मी ट्रिगर उशिरा सोडला. माझ्या गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला, शेजारच्या लेनमधल्या गाडीवर आदळला, आणि दोन्ही गाड्या ट्रॅकबाहेर गेल्या. ती दुसरी गाडी त्या गृहस्थांची नव्हती, शर्यतीत कुठेच नसलेल्या एका नवख्या मुलाची होती. माझ्या मुलाने आधी ती उचलली, नीट गाइड बघून खाचेत ठेवली, आणि मग माझी घेतली. मी ओरडले. तो दचकला आणि माझी गाडी त्याने लालऐवजी पलीकडच्या खाचेत ठेवली. मी आणखी मोठ्याने ओरडले, मराठीत: "अरे झोपलायस का मूर्खा! माझी आधी! लाल! लाल!"

त्या हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघेच होतो. तरीही सगळा हॉल गप्प झाला. फक्त मोटरींचा आवाज येत राहिला. मुलाने गाडी उचलून लाल खाचेत ठेवली, माझ्याकडे बघितले, आणि इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल पण आवाज चढणार नाही अशा बेताने म्हणाला, की धक्का तू दिला होतास, आई. आमचा नियमच तसा आहे: ज्याला धक्का बसला त्याची गाडी आधी, ज्याने दिला त्याची नंतर. तो नियम मुलाला मीच शिकवला होता. त्यानंतर उरलेल्या मिनिटात हेअरपिनवर आणखी तीन गाड्या पडल्या, आणि तिन्ही त्याने जराही न चुकता ठेवल्या. मी जेमतेम अर्ध्या फेरीच्या अंतराने हरले. घरी जाताना चाळीस मिनिटे गाडी मी चालवत होते, स्टिअरिंग असलेली, आणि मला एक वाक्य सुचले नाही. पुढच्या गुरुवारी गृहपाठ आहे म्हणाला. त्याच्या पुढच्याही. मग मी विचारणे सोडले.

आता इथे मला त्या रात्रीच्या माझ्याशी भांडावे लागते, आणि ती बाई सहजासहजी हार मानणारी नाही. क्लबाच्या संगणकावर प्रत्येक फेरीची वेळ नोंदली जाते. मी तो कागद मागून घेतला होता, अवजारांच्या पेटीत अजून आहे. सहा हीटमध्ये माझ्या नऊ फेऱ्या पडझडीमुळे लांबल्या. त्यांपैकी आठ वेळा मार्शलांनी तीन-चार सेकंदांत गाडी परत ठेवली होती, म्हणजे त्या आठ पडण्यांतच मी चार फेऱ्यांइतका वेळ घालवला होता, आणि तो सर्वस्वी माझ्या बोटाचा आणि मी विकत घेतलेल्या मोटरचा हिशेब होता. पण नवव्या वेळी, चुकीच्या खाचेमुळे, पाच सेकंद जास्तीचे गेले. हरले ते साडेतीन सेकंदांनी. वजाबाकी कितीही वेळा करा, ती बाई म्हणते, तो गोंधळ झाला नसता तर मी जिंकले असते. तिचे गणित चुकत नाही. मी तिला म्हणते की तो गोंधळला कारण तू ओरडलीस. ती म्हणते, मार्शलने ओरडण्याने गोंधळायचे नसते, तेही तूच शिकवलेस. इथवर आलो की आम्ही दोघी थांबतो.

मी त्याची माफी मागितली का, असे भाचीने विचारले. मागितली, तीन वर्षांनी, विमानतळावर, घाईत. तो म्हणाला, त्याला ते आठवतही नाही, आणि क्लब सोडण्याचे कारण ते नव्हतेच, त्याला कंटाळा आला होता. हे खरे असू शकते. तेरा वर्षांच्या मुलाला, निम्मे सभासद साठीपलीकडचे असलेल्या हॉलमध्ये, दर गुरुवारी कंटाळा येण्याला दुसरे कारण लागत नाही. तो आता बावीस वर्षांचा आहे. मध्यंतरी त्याने करेराच्या त्या बिनखाचेच्या गाडीची चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिले, की बघ, हिला वळवता येते. मी उत्तरादाखल फेरीची वेळ किती ते विचारले, आणि पाठवल्यावर मला ते उत्तर नको होते असे वाटले.

तर चालवते काय, तर वेग चालवते, हे उत्तर मी मागे घेत नाही. मात्र या खेळात सबब उरत नाही हे वाक्य आता भाचीसमोर म्हणवत नाही. २५,००० ची मोटर मी अजून वापरते, हेही सांगून टाकते. तिच्यात वाईट काही नाही, ब्रेक थोडा वाढवून आणि बॉडीचे स्क्रू अर्धा फेरा ढिले ठेवून ती हेअरपिनवर बऱ्यापैकी वागते.

भाचीला मी येत्या गुरुवारी हॉलवर बोलावले आहे. नवख्याने पहिल्या दिवशी आधी मार्शल व्हायचे, मग चालवायचे, असा आमचा रिवाज आहे, आणि माणसे कमी असल्याने तिला हेअरपिनच मिळेल असे दिसते. मी सचिवांना कळवले आहे की हेअरपिनवर मी उभी राहीन, तिला सरळ पट्ट्यावर ठेवा. ते म्हणाले, ठेवतो, पण तुमची हीट असेल तेव्हा तिथे कोण?