पेपर फुटला होता

सबमिशनच्या आदल्या दिवशी दुपारी पोरं लॅपटॉप उघडाच धरून स्टाफरूममध्ये शिरली. "मॅडम, मॉडेलचा स्कोअर 0.99च्या पुढे गेला!" एकपैकी, म्हणजे जवळजवळ पैकीच्या पैकी.

आमचं कॉलेज घणसोलीत. मी कॉम्प्युटर विभागात शिकवते. फिजिक्सशी संबंध बारावीनंतर जवळजवळ तुटलेला. तरी या ग्रुपचा विषय मी मंजूर केला, कारण शेअर बाजाराचा अंदाज वर्तवणारे चार ग्रुप आधीच गळ्यात पडले होते. यांना हवा होता टाऊ कण.

टाऊ म्हणजे इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ, वस्तुमान साधारण 1777 मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट. तो फुटून तीन म्युऑन (टाऊपेक्षा हलके भाऊ) व्हावेत, असं आजवर कुणालाही दिसलेलं नाही. जपानच्या बेल प्रयोगानं 2010मध्ये सांगितलं, की असं झालंच तर दहा कोटी टाऊंमध्ये फार तर दोनेक वेळा. जिनिव्हाजवळच्या एलएचसीबी प्रयोगानं 2015मध्ये याच शोधावर कॅगल या डेटा-स्पर्धांच्या वेबसाइटवर स्पर्धा ठेवली होती. खऱ्या टक्करींमधला कचरा, म्हणजे टाऊ नसूनही तसं भासणारं काहीबाही, आणि सिम्युलेशनमधले 'खरे' टाऊ वेगळे करणारं मॉडेल बनवायचं. पोरांनी तोच डेटा घेतला होता.

0.99 पाहून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एक्सटर्नल परीक्षकांसमोर मिरवता येईल, हा पहिला विचार.

ग्रुपमधली एक मुलगी मात्र गप्प होती. ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं येते, फारशी बोलत नाही. सगळे चहाला गेल्यावर ती थांबली. "मॅडम, आपण वस्तुमानाचा कॉलम दिलेला नाही ना? पण मॉडेलला वस्तुमान कळतंय असं वाटतंय."

कसं कळेल? तिनं जर्नलच्या मागच्या पानावर एक ओळ लिहिली. कण किती अंतर गेला, त्याचा मोमेंटम (संवेग) किती आणि तो स्वतःच्या घड्याळानं किती वेळ जगला, हे तिन्ही डेटात आहे. वेळ गुणिले मोमेंटम, भागिले अंतर. उत्तर? वस्तुमान.

मी कपाळाला हात लावला. कारण 'मोमेंटमला अंतरानं भागून नवा कॉलम करून बघा' ही सूचना दोन आठवड्यांपूर्वी मीच केली होती. आकडा तेव्हापासूनच चढला होता.

सिम्युलेशनमधले सगळे टाऊ 1777च्या आसपासचे, कचरा मात्र त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधून घेतलेला. मॉडेलनं टाऊचा स्वभाव शिकायची तसदीच घेतली नव्हती. वस्तुमान काढायचं, 1777च्या जवळ असेल तर 'टाऊ' म्हणायचं. सरळ पेपर फुटला होता, आणि फोडणारी मी. प्रयोगात हेच केलं असतं तर साध्या कचऱ्यातूनही वस्तुमानाच्या आलेखात नेमक्या त्याच जागी उंचवटा उभा राहिला असता आणि लोकांनी नव्या भौतिकशास्त्राचे पेढे वाटले असते.

स्पर्धेच्या आयोजकांना हे ठाऊक होतं. म्हणून डेटासोबत एक तपासणीची फाइल असते: निव्वळ कचरा, वस्तुमानासकट. मॉडेलचे गुण आणि वस्तुमान यांचं काही नातं जुळतंय का, ते त्यावर पाहायचं. पोरांनी ती पायरी गाळली होती. "मॅडम, आपण कुठे स्पर्धेत उतरलोय?" हे त्यांचं उत्तर, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी लॅबमध्ये बसून आलेख काढला. गुण सपाट असायला हवे होते. ते 1777च्या दिशेनं चढत गेले, दोन्ही बाजूंनी. लॅब असिस्टंट किल्ल्या वाजवत दारात उभे.

माझा कॉलम काढून टाकला. तेवढ्यानं भागेना, म्हणून कणाच्या 'आयुष्या'चा कॉलमही वगळला. आकडा घसरला, आलेख सपाट झाला. ग्रुपचा लीडर कुरकुरला, "मॅडम, रिपोर्टचं बाइंडिंग झालंय." म्हटलं, उसव.

दुसऱ्या दिवशी एक्सटर्नल सरांनी रिपोर्टची पानं भराभर उलटली आणि निकालाच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "अ‍ॅक्युरसी जरा कमीच वाटते."

मी तोंड उघडणार, तोच त्या मुलीनं रिपोर्ट स्वतःकडे ओढून चढत्या रेघेचं पान काढलं. "सर, आधी जास्त होती. ती कुठून आली होती, ते बघा."