डाळिंब दिसतं, हाती येत नाही

अकरावीच्या इंग्रजीच्या तासाला फळ्यावर मोहाची विशेषणं होती. एका मुलीने वाक्य केलं, 'आईची शेंगाचटणी टॅण्टलायझिंग आहे.' छोट्या डिक्शनरीत 'मोहक' एवढाच अर्थ, त्यामुळे यात चुकलं काय, हे तिला कळेना. तिची शंका रास्त होती.

चटणी ताटात वाढलेली असेल तर ती टेम्प्टिंग. टॅण्टलायझिंग म्हणायचं तर ती दिसावी, वास यावा आणि तरी मिळू नये. हॉटेलांच्या मेनूकार्डांवर हा शब्द सर्रास 'चविष्ट' म्हणून छापतात, पण त्यात त्याचा जीवच जातो.

कारण शब्द आला आहे टॅण्टलसवरून. ग्रीक पुराणातला हा राजा, झ्यूसचा मुलगा. देवांच्या पंगतीला बसायचा मान त्याला होता. एका कथेत तो देवांचं अन्न चोरतो, दुसरीत पोटचा मुलगा पेलॉप्स कापून, शिजवून देवांना वाढतो. शिक्षेचं वर्णन होमरच्या 'ओडिसी'त 11व्या सर्गात आहे. हनुवटीपर्यंत पाण्यात तो उभा, पण प्यायला वाकला की पाणी आटतं आणि पायाशी काळी जमीन दिसते. डोक्यावर नासपती, डाळिंबं, सफरचंदं, अंजीर, ऑलिव्ह लगडलेली, पण हात वर केला की वारा फांद्या ढगांपर्यंत उडवतो.

डाळिंबाचं नाव निघताच सांगोल्याकडची मुलं सरसावून बसली. पण खरं वाक्य आलं मोहोळकडच्या एका मुलाकडून. तो म्हणाला, "मॅडम, उजनी धरणाचा कालवा आमच्या बांधाला लागून जातो. पण आमचं रान वरच्या अंगाला, पाणी चढत नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडलेल्या पाण्याची पाळी, संपलं की कालव्याचा तळ दिसतो." वर्ग एकदम गप्प झाला. इतकं अचूक उदाहरण मला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडलं नसतं. त्याच्या वाक्यात पाणी जवळ होतं, दिसत होतं, मिळत नव्हतं, आणि हे दर आवर्तनाला पुन्हा घडत होतं. 'हातातोंडाशी आलेला घास' एकदाच जातो. इथे मात्र आशा परत परत लागते, म्हणून मराठीत मला 'झुलवत ठेवणारं' हे जवळचं वाटतं.

मग त्याचंच वाक्य घेऊन रूपं करून घेतली. झुलवणारं पाणी टॅण्टलायझिंग, झुलणारा शेतकरी टॅण्टलाइज्ड. मुलं इथेच हमखास गफलत करतात. विजय थोडक्यात हुकला तर टॅण्टलायझिंगली क्लोज. उच्चारात जोर पहिल्या 'टॅन'वर.

सायन्सच्या मुलांनी लगेच टॅण्टलमचं विचारलं. नातं खरंच आहे. स्वीडनच्या एकेबर्ग यांनी 1802 मध्ये हे मूलद्रव्य शोधलं. त्याचा ऑक्साइड भरपूर अ‍ॅसिडमध्ये ठेवला तरी अ‍ॅसिड घेत नाही, म्हणून हे नाव. आवर्तसारणीत टॅण्टलम 73 वर आहे. त्याच्या बरोबर वरच्या घरात 41 वर निओबियम, आणि निओबी ही टॅण्टलसची मुलगी. खनिजात दोन्ही एकत्र सापडतात आणि वेगळी करणं अवघड, म्हणून हाइनरिश रोझ यांनी 1844 मध्ये बापाशेजारी लेकीचं नाव ठेवलं.